विषाद आणि विश्वास

रात्रीचा तिसरा प्रहर विचारी माणसाला मोठा वाईट. दिवसा ज्या गोष्टीची आठवणहि होत नाहीं ती त्या वेळीं उशाशीं येऊन बसते. वीस वर्षांपूर्वीं कोणास बोललेला कठोर शब्द, हातचा गेलेला एखादा योग, मुलांच्या शिक्षणाची काळजी, स्वतःच्या म्हातारपणाचें भय, हे सर्व विचार निरनिराळ्या वाटांनीं येतात आणि एकाच निकालापाशीं येऊन थांबतात: तुझ्या हातून आजवर कांहीं झालें नाहीं, यापुढें होणार नाहीं, आणि ह्याला कारण तूंच. सकाळीं उजाडलें, घरांत भांडीं वाजूं लागलीं, चहाचा वास आला, कीं बहुतेकांच्या बाबतींत हा निकाल आपोआप रद्द होतो. पण कित्येकांच्या मनांत महिनेच्या महिने उजाडतच नाहीं.

अशा माणसाला आपण काय सांगतों? घरांतील वडील मंडळी म्हणतात, 'असले विचार मनांत आणूं नकोस.' शेजारी म्हणतो, 'तुला काय कमी आहे?' आणि पुस्तकांच्या दुकानांत जावें, तर विचार बदला म्हणजे आयुष्य बदलेल असें शिकविणाऱ्या ग्रंथांची रासच रचलेली दिसते. सल्ला देणाराची सदिच्छा आम्ही नाकारीत नाहीं. पण ज्याचें मन खचलें आहे त्याच्या पदरांत ह्या सल्ल्यानें काय पडतें तें पाहिलें पाहिजे. आधीं त्याच्यावर केवळ दुःखाचें ओझें होतें. आतां 'साधा विचारहि तुला आवरतां येत नाहीं' हा एक नवा अपराध त्याच्या खात्यावर चढला. औषधानेंच दुखणें वाढावें असा हा प्रकार होतो.

निराशेच्या विचारांवर विजय मिळविण्याचें सामर्थ्य आपल्या श्रद्धेंत आहे, असें ख्रिस्ती धर्माचे अनुयायी म्हणत आले आहेत. आम्ही ख्रिस्ती नाहीं, आणि कोणत्याहि धर्माची वकिली करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु मनुष्याच्या दुःखावर कोणी कांहीं उपाय सुचवीत असेल, तर तो कोणाच्या घरचा हें न विचारतां पारखून पाहणें हें सुज्ञाचें काम आहे. ह्या श्रद्धेच्या नांवानें आज जें पुष्कळदा सांगितलें जातें तें वरील सल्ल्याहून फारसें निराळें नसतें. १९५२ सालीं नॉर्मन व्हिन्सेंट पील ह्या अमेरिकन धर्मोपदेशकाचें सकारात्मक विचाराच्या सामर्थ्यावरील पुस्तक प्रसिद्ध झालें व त्याचा जगभर खप झाला. तेव्हांपासून श्रद्धा म्हणजे मनाला शुभ गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकविण्याची एक युक्ति, अशी समजूत पुष्कळांची झाली आहे. ह्या धर्माची जुनी परंपरा चाळून पाहिली तर मात्र फार निराळें, आणि आमच्या मतें फार खोल, असें कांहीं हातीं लागतें.

प्रथम आपण चौथ्या शतकांतील मिसर देशाच्या वाळवंटांत जाऊं. त्या काळीं शेंकडों ख्रिस्ती विरक्त नगरें सोडून तेथें झोंपड्या बांधून राहिले होते. इव्हाग्रियस नांवाचा एक विद्वान् त्यांत होता. कॉन्स्टँटिनोपलसारख्या राजधानींत त्यानें नांव कमाविलें होतें; पुढें सर्व सोडून तो ह्या वाळवंटांत आला आणि ३९९ सालीं तेथेंच वारला. एकान्तांत राहणाऱ्याच्या मनावर कोणकोणते विचार हल्ला करतात ह्याचें त्यानें बारकाईनें निरीक्षण केलें आणि त्यांचे आठ वर्ग पाडले. खादाडपणा, काम, लोभ, क्रोध हे तर त्यांत होतेच. पण खिन्नता आणि मनाची मरगळ ह्या दोहोंना त्यानें स्वतंत्र स्थानें दिलीं. ह्या मरगळीचें त्यानें केलेलें वर्णन आजच्या कोणत्याहि कचेरींतील कारकुनास ओळखतां येईल. दुपार सरतां सरत नाहीं. मनुष्य पुन्हा पुन्हा सूर्याकडे पाहतो. राहती जागा, हातचें काम, शेजारचे लोक ह्या सर्वांचा त्याला वीट येतो. आपल्यावर कोणाचेंहि प्रेम उरलें नाहीं असें त्याला वाटूं लागतें.

ह्या वर्गीकरणापेक्षां त्याच्या मुळाशीं असलेली दृष्टि आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. विचार येणें हें आपल्या हातीं नाहीं, त्याला मनांत बिऱ्हाड करूं द्यावें कीं नाहीं एवढेंच आपल्या हातीं आहे, असें इव्हाग्रियस मानीत असे. विचार म्हणजे बाहेरून आलेला पाहुणा. घरधनी तो नव्हे. मनांत काळा विचार आला एवढ्यावरून मनुष्य पापी ठरत नाहीं, किंवा तो विचार खराहि ठरत नाहीं. हा भेद वरवर सूक्ष्म दिसतो. पण खचलेल्या माणसाच्या दृष्टीनें तो जीवनमरणाचा आहे. 'मी निरुपयोगी आहें' आणि 'मी निरुपयोगी आहें असा एक विचार माझ्या दाराशीं आला आहे' ह्या दोन वाक्यांत सबंध दाराचें अंतर आहे.

दाराशीं आलेल्याचें काय करावें? इव्हाग्रियस म्हणतो, त्याला उत्तर द्यावें. येशूनें चाळीस दिवस अरण्यांत उपवास केला तेव्हां सैतानानें त्याला तीन वेळां मोह घातला, आणि तिन्ही वेळां येशूनें शास्त्रवचनानें त्याला उत्तर दिलें, अशी कथा नव्या करारांत आहे. तोच कित्ता पुढें ठेवून इव्हाग्रियसनें एक सबंध ग्रंथ रचला. त्यांत आठहि वर्गांतील निरनिराळ्या विचारांपुढें त्यांना द्यावयाचीं सुमारें ५०० उत्तरें बायबलांतून वेंचून मांडलीं आहेत. विसाव्या शतकांत, १९६० नंतरच्या दशकांत, आरन बेक ह्या अमेरिकन मनोवैद्यानें खिन्नतेच्या रोग्यांसाठीं एक उपचारपद्धति बसविली. मनांत आलेला विचार टिपून ठेवणें, त्याला पुरावा काय हें तपासणें, आणि मग त्याला सयुक्तिक उत्तर देणें हा तिचा गाभा आहे. बेकची पद्धति वैद्यकाची, इव्हाग्रियसची उपासनेची. दोघांचे हेतु निराळे. तरी विचाराला सत्य न मानतां त्याची साक्ष घ्यावी हा धडा दोघांच्याहि शाळेंत पहिला आहे. मराठी वाचकालाहि तो अगदीं परका नाहीं. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक आपण लहानपणीं पाठ केले, ते सर्व मनाला समोर बसवून त्याच्याशीं बोलणारेच आहेत. ज्याच्याशीं बोलतां येतें, तें आपल्याहून कांहीं निराळें असलें पाहिजे.

परंतु उत्तर देण्याला बळ लागतें, आणि खचलेल्या मनापाशीं नेमकें तेंच नसतें. येथें ह्या परंपरेची दुसरी शिकवण उपयोगी पडते. बायबलांतील स्तोत्रसंहितेंत १५० स्तोत्रें आहेत. ज्यानें तीं वाचलीं नाहींत त्याची अशी कल्पना असते कीं त्यांत केवळ ईश्वराची स्तुति असावी. वास्तविक त्यांतील पुष्कळशीं स्तोत्रें म्हणजे शुद्ध विलाप आहेत. बेचाळिसाव्या स्तोत्रांतील कवि स्वतःच्या जिवालाच विचारतो कीं तूं असा खालीं कां वांकला आहेस. आणि त्याला धीर देऊन पुन्हा तोच प्रश्न विचारतो, कारण पहिल्या उत्तरानें समाधान झालेलें नसतें. अठ्ठ्याऐंशीवें स्तोत्र तर आरंभापासून काळोखांत आहे आणि काळोखांतच संपतें. शेवटीं आशेची एकहि रेघ नाहीं. असें स्तोत्र धर्मग्रंथांत ठेवणाऱ्यांचें आम्हांस कौतुक वाटतें. उपासनेस येणाऱ्याच्या मुखांत त्यांनीं निराशा घातली, आणि तिला पाप म्हटलें नाहीं. खुद्द येशूनें वधस्तंभावर प्राण सोडण्यापूर्वीं जो आक्रोश केला, तोहि बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभींचा, ईश्वरानें आपल्याला टाकिलें अशा अर्थाचा होता.

ह्याचें मर्म काय? आमच्या समजुतीप्रमाणें असें, कीं जोंपर्यंत काळा विचार मनुष्य स्वतःशींच घोळवीत असतो तोंपर्यंत तो विषासारखा मुरत जातो. तोच दुसऱ्या कोणास उद्देशून बोलला गेला कीं त्याची गाऱ्हाण्याची भाषा होते. गाऱ्हाणें करणारा कितीहि संतापलेला असला तरी ऐकणारा आहे एवढें तो धरून चालतो. तुकोबांनीं विठ्ठलाशीं केलेलीं भांडणें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांस हें अधिक फोडून सांगावयास नको. भांडण हा नातें शिल्लक असल्याचा पुरावा आहे. तेव्हां विश्वास म्हणजे वाईट विचार मनांत न येणें नव्हे. ते आले असतां तोंड न फिरविणें, हा विश्वास.

तिसरी शिकवण निकाल कोणी द्यावयाचा ह्याविषयींची आहे. मार्टिन ल्यूथर हा सोळाव्या शतकांतील धर्मसुधारक मोठा धडाडीचा पुरुष म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु तो आयुष्यभर निराशेच्या झटक्यांनीं पछाडलेला होता, आणि १५२७ सालीं तर तो शरीरानें व मनानें अगदीं खचून गेला होता. त्याच्या घरीं जेरोम वेलर नांवाचा एक तरुण मुलांना शिकविण्यास राहिला होता, त्यालाहि हीच व्यथा होती. ल्यूथरनें १५३० सालीं त्याला जें पत्र लिहिलें त्यांतील सल्ला एखाद्या कडक धर्मोपदेशकास शोभणार नाहीं असा आहे. एकटा बसूं नकोस, मंडळींत जा, खा, पी, थट्टामस्करी कर, असें तो सांगतो. आणि मन अपराधांची यादी वाचूं लागलें तर त्याच्याशीं वाद घालूं नकोस. यादी खुशाल मान्य कर, आणि त्या यादीचा हिशेब दुसऱ्या एकानें पूर्वींच चुकता केला आहे एवढेंच त्याला सांग, असा त्याचा आशय आहे.

ख्रिस्ती सिद्धान्ताचें हें हृद्गत आहे. मनुष्याची किंमत त्याच्या कर्तबगारीवर ठरत नाहीं, आणि त्याच्या स्वतःविषयींच्या मतावर तर मुळींच ठरत नाहीं. ती त्याच्या बाहेर, ईश्वराच्या कृपेनें, आधींच ठरून गेली आहे. ज्याला हें पटलें त्याला 'मी चांगला आहें' असें स्वतःला शंभर वेळां बजावण्याची गरज उरत नाहीं. रात्रीच्या तिसऱ्या प्रहरीं मन जो निकाल देतें तो खालच्या कोर्टाचा. वरचें कोर्ट निराळें आहे. ल्यूथरच्याच काळांतील, पण त्याच्या विरुद्ध पक्षांतला, इग्नेशियस लोयोला ह्यानेंहि १५२२ सालीं मान्रेसा गांवीं जीव देण्याची इच्छा व्हावी इतकी घोर निराशा भोगली होती. त्या अनुभवांतून त्यानें पुढें एक साधा नियम घालून दिला: मनाच्या अंधारांत असतां कोणताहि नवा निश्चय करूं नये, उजेडांत केलेल्या निश्चयाला चिकटून राहावें. हे दोघे पुरुष बहुतेक सर्व बाबतींत एकमेकांचे वैरी होते, पण खचलेल्या मनाच्या हातीं न्यायदंड देऊं नये ह्याविषयीं त्यांचें एकमत होतें.

येथपर्यंतचें विवेचन वाचून एखादा श्रद्धाळु वाचक संतुष्ट होईल. परंतु प्रामाणिकपणा असा, कीं जें उदाहरण ह्या सर्वांस अडचणीचें वाटतें तेंहि पुढें मांडलें पाहिजे. तें उदाहरण इंग्रज कवि विल्यम कूपर ह्याचें आहे.

कूपर १७३१ सालीं जन्मला. १७६३ सालीं इंग्लंडच्या उमरावसभेंत त्याला एक लहानशी जागा मिळावयाची होती. त्यासाठीं सभेपुढें परीक्षा द्यावी लागणार, एवढ्या भयानें त्याचें मन भ्रमिष्ट झालें व त्यानें आत्महत्येचा प्रयत्न केला. त्याला सेंट ऑल्बन्स येथील डॉक्टर नॅथॅनिएल कॉटन ह्यांच्या शुश्रूषागृहांत ठेवण्यांत आलें. कॉटन हा सहृदय वैद्य होता. तेथें १७६४ सालीं पौलाचें रोमकरांस पत्र वाचतां वाचतां कूपरला क्षमेची प्रतीति आली आणि त्याचें मन उजळलें. पुढें तो ऑल्नी गांवीं राहावयास गेला. तेथील धर्मगुरु जॉन न्यूटन, जो एके काळीं गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता, त्याचा स्नेही बनला. दोघांनीं मिळून उपासनेसाठीं गीतें रचलीं. तीं १७७९ सालीं प्रसिद्ध झालीं व त्यांतील कांहीं आजहि इंग्रजी बोलणाऱ्या जगांत गाइलीं जातात. कथा येथेंच संपली असती तर कोणत्याहि धर्मोपदेशकास ती हवीशी वाटली असती.

पण ती संपली नाहीं. १७७३ च्या आरंभीं कूपरनें एका स्वप्नांत असा शब्द ऐकला कीं तुझा सर्वनाश झाला. ईश्वरानें जगांतील इतर सर्वांना क्षमा केली, एकट्या आपल्याला कायमचें टाकिलें, अशी त्याची ठाम समजूत झाली, आणि ती पुढें सत्तावीस वर्षें, १८०० सालीं मरेपर्यंत, कधीं पुरती सुटली नाहीं. जो दुसऱ्यांना ईश्वराचें गुणगान गावयास शब्द देई, तो स्वतः पुन्हा उपासनेला गेला नाहीं. त्याच्या शेवटच्या वर्षांतील एका प्रसिद्ध कवितेचा विषय भर समुद्रांत जहाजावरून वाहून गेलेला खलाशी हा आहे, आणि त्या खलाशापेक्षांहि आपण खोल बुडालों अशी तिची समाप्ति आहे.

मग काय म्हणावें? श्रद्धा निरुपयोगी ठरली असें म्हणावें, कीं कूपरची श्रद्धा कच्ची होती असें म्हणावें? पहिलें उत्तर निंदकाचें आहे, दुसरें भाविकाचें. आणि दोन्हींत दुसरें अधिक क्रूर आहे. 'तुझा विश्वास कमी पडला' ह्या वाक्यानें किती खचलेल्या जिवांवर शेवटचा घाव घातला असेल! एवढेंच नव्हे, तर हेंहि कबूल केलें पाहिजे कीं कूपरच्या निराशेला तिचें भयंकर रूप त्याच्या धर्मकल्पनेनेंच दिलें. ईश्वर कांहींना निवडतो व कांहींना टाकतो ही शिकवण रोगट मनांत शिरली म्हणजे तिचा असा फांस होतो. आजच्या वैद्यकास कूपरची अवस्था हा एक आजार म्हणून ओळखतां येते, आणि त्यावर औषधें व उपचार आहेत. ज्यानें अशा माणसाला वैद्याकडे न नेतां केवळ प्रार्थना करावयास सांगितलें, त्यानें प्रार्थनेचाहि अपमान केला असें आम्ही म्हणूं.

तरी कूपरची उरलेली हकीकत आम्हांस विचारांत पाडते. त्या स्वप्नानंतर न्यूटननें त्याला आपल्या घरीं आणून वर्षाहून अधिक काळ ठेवून घेतलें आणि त्याच्या आत्मघाताच्या प्रयत्नांपासून त्याला जपलें. मेरी अन्विन नांवाची विधवा स्त्री, जिच्या कुटुंबांत तो पूर्वींपासून राहत असे, तिनें स्वतः अर्धांगानें लुळी होईपर्यंत त्याची काळजी वाहिली. त्याला विरंगुळा म्हणून शेजाऱ्यांनीं सशांचीं पिलें आणून दिलीं. त्यांपैकीं तीन त्यानें वर्षानुवर्षें पाळले, त्यांचे स्वभाव निरखले आणि त्यांवर लेख लिहिला. मेरीनें त्याला कविता लिहावयास लाविलें. दुसऱ्या एका मैत्रिणीनें त्याला एके दिवशीं घोड्यावरून उधळत गेलेल्या जॉन गिल्पिन नांवाच्या व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली. तिजवर त्यानें १७८२ सालीं जो विनोदी पोवाडा रचला, त्यानें सारें इंग्लंड हंसलें. आपण नरकाचे धनी आहों असें मानणारा मनुष्य देशाला हंसवीत होता, बागेंत काकड्या लावीत होता, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध कविता लिहीत होता. मेरी आजारी पडल्यावर त्यानेंच तिची शुश्रूषा केली. मनांतला निकाल एक सांगत होता, आणि आयुष्य निराळेंच कांहीं घडवीत होतें.

हें कशाच्या बळावर घडलें? मार्कच्या शुभवर्तमानांत एक कथा आहे. कफर्णहूम गांवीं येशू एका घरांत बोलत असतां पक्षाघातानें लुळ्या झालेल्या एका माणसाला चौघांनीं बाजेवर घालून आणिलें. दाराशीं दाटी झालेली. आंत शिरतां येईना. तेव्हां त्यांनीं छप्पर उकललें आणि बाज वरून खालीं सोडली. येशूनें त्या रोग्याला बरें केलें; पण कथाकार सांगतो कीं तें त्यानें 'त्यांचा' विश्वास पाहून केलें. रोग्याचा विश्वास किती होता, होता कीं नव्हता, ह्याविषयीं कथेंत एक अक्षरहि नाहीं. पुष्कळदा वाचलेल्या ह्या कथेंतील तें एक अनेकवचन आम्हांस अलीकडेच जाणवलें, आणि तेव्हांपासून ह्या सर्व प्रश्नाकडे पाहण्याची आमची दृष्टि बदलली.

लुळ्या माणसाला चालण्याची आज्ञा करणें सोपें आहे. त्याची बाज उचलणें कठीण. विश्वास ही ज्याची त्यानें स्वतंत्रपणें कमावण्याची मनःशक्ति आहे असें मानलें, तर खचलेला मनुष्य आधींच हरला, कारण शक्तीचाच तर त्याच्यापाशीं दुष्काळ असतो. परंतु विश्वास ही जर चौघांनीं मिळून उचलण्याची वस्तु असेल, तर एकाचे हात गळाले म्हणून बाज खालीं पडत नाहीं. कूपरला विश्वास ठेवतां येईना, तेव्हां न्यूटन आणि मेरी अन्विन ह्यांनीं त्याच्या वांट्याचा विश्वास ठेविला. गेथशेमाने बागेंत अखेरच्या रात्रीं येशूचें मन मरणप्राय खिन्न झालें, तेव्हां त्यानेंहि तिघां सोबत्यांना जागे राहण्याची विनवणी केली होती. ते झोंपले हा त्यांचा दोष, पण विनवणी करण्यांत त्याला कमीपणा वाटला नाहीं.

आपल्याकडील एका उदाहरणानें हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. पंडिता रमाबाई ह्यांचें बालपण वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांच्याबरोबर तीर्थाटनांत गेलें. दुष्काळांत ह्या विद्वान् कुटुंबाची अन्नान्न दशा झाली. वडिलांनीं जलसमाधि घेण्याचा विचार केला होता, आणि मुलगा श्रीनिवास ह्यानें मी मोलमजुरी करीन असें म्हणून त्यांना परावृत्त केलें. तथापि १८७४ सालीं वडील गेले. पाठोपाठ आई व बहीण गेली. १८८० सालीं भाऊ गेला, १८८२ सालीं पति बिपिनबिहारी मेधावी गेले. चोविसाव्या वर्षाच्या आंत जिच्यावर एवढे घाले पडले, तिनें १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. तेवढ्यानें तिच्या मनाला शांति मिळाली काय? नाहीं. १९०७ सालच्या आत्मनिवेदनांत त्यांनीं निर्भीडपणें सांगितलें आहे कीं आपल्याला धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. आणि आपल्या लायकीवर कांहीं अवलंबून नाहीं हें उमगून मन स्थिर व्हावयास बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षें जावीं लागलीं. एका रात्रींत विचार पालटून देणाऱ्या जादूची ही हकीकत नव्हे.

मन स्थिर झाल्यावर त्यांनीं काय केलें, तें महाराष्ट्रास ठाऊक आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि उपासमारीनें सांपळे झालेल्या मुली व विधवा शेंकड्यांनीं केडगांवास घेऊन आल्या. १९०० सालच्या गुजराथच्या दुष्काळांतहि त्यांनीं तेंच केलें. ज्या दुष्काळानें त्यांचें घर बुडविलें, त्याच दुष्काळांत त्या दुसऱ्यांच्या बाजा उचलावयास परत गेल्या. १९२१ सालीं त्यांची एकुलती कन्या मनोरमा वारली, तेव्हांहि बायबलाच्या मराठी भाषांतराचें काम त्यांनीं सोडलें नाहीं. पुढल्याच वर्षीं त्या निवर्तल्या. त्यांच्या धर्मांतरावरून जे वाद झाले त्यांत आम्ही येथें शिरत नाहीं. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे, कीं त्यांच्या बाबतींत श्रद्धेनें दुःखाचे विचार पुसून टाकिले नाहींत, त्यांना कामाला लाविलें. आणि त्याबरोबरच, 'मी मजुरी करीन' हें त्या जंगलांतील दुष्काळी दिवशीं बापाला सांगणारा मुलगा ख्रिस्ती नव्हता हेंहि विसरतां कामा नये. बाज उचलण्याचा मक्ता कोणत्याहि एका धर्माकडे नाहीं. ख्रिस्ती धर्मानें त्या कृत्याला विश्वास असें नांव दिलें, ही मात्र त्याची मोलाची देणगी होय.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. ख्रिस्ती श्रद्धेनें निराशेच्या विचारांवर विजय मिळतो काय? मिळतो; पण आपण समजतों त्या अर्थानें नव्हे. ती विचाराला दाराशीं थांबवून प्रश्न विचारावयास शिकविते. दुःखाला गाऱ्हाण्याची भाषा देते. आणि अखेरचा निकाल मनाच्या हातून काढून घेते. हें सर्व करूनहि कित्येकांचा अंधार हटत नाहीं. तेथें ती आणखी एक गोष्ट मागते, आणि ती अंधारांतल्या माणसापाशीं मागत नाहीं, त्याच्या भोंवतालच्यांपाशीं मागते. ईश्वरावर ज्याची श्रद्धा नाहीं त्याला पहिल्या तीन गोष्टी पटतील किंवा पटणार नाहींत. चौथीला मात्र कोणाचीच सुटका नाहीं.

आपल्या घरांतून असा एखादा माणूस बहुधा असतोच. तो जेवतांना बोलत नाहीं, पाहुणे आले कीं आंतल्या खोलींत जातो, आणि विचारलें तर 'कांहीं नाहीं' म्हणतो. आपण त्याला धीराच्या चार गोष्टी सांगून आपलें कर्तव्य झालें असें समजतों. त्याऐवजीं त्याच्याबरोबर संध्याकाळीं फिरावयास जावें, गरज असेल तर त्याला वैद्याकडे न्यावें आणि तेथें त्याच्याजवळ बसावें, रात्रीं त्याच्या खोलींतला दिवा जळत असला तर आपलाहि जळत ठेवावा. तो बरा होईल कीं नाहीं हें आपल्या हातीं नाहीं. पण उद्यां सकाळीं त्याला वाटलें कीं माझा स्वतःवर विश्वास उरला नाहीं, तर त्याच्या वांट्याचा तो कोणीतरी सांभाळून ठेविला आहे, एवढें त्याला आढळलें पाहिजे.